उभ्या गाडीचे तास

अमेरिकेतील मध्यमवर्गीय वस्त्यांमध्ये सकाळच्या वेळी एक दृश्य हमखास दिसते. घरासमोर एक बंदिस्त व्हॅन उभी असते. चालकाच्या जागेवर कोणी नसते, तरीही इंजिन एकसारखे घरघरत असते. गाडीच्या दारातून एक जाड आणि एक बारीक अशा दोन नळ्या निघून अंगणातून, पायऱ्यांवरून थेट दिवाणखान्यात गेलेल्या असतात. आत एक माणूस लांब दांड्याचे धातूचे अवजार पुढेमागे ओढीत गालिचा धूत असतो. दोन-तीन तासांनी नळ्या गुंडाळल्या जातात आणि गाडी पुढच्या घराकडे निघते. त्या अवधीत इंजिन अखंड राबलेले असते. परंतु गाडीने किती अंतर कापले हे दाखविणारा आकडा एका मैलानेही पुढे सरकलेला नसतो.

या न सरकलेल्या आकड्यात एका संपूर्ण धंद्याचे अर्थशास्त्र दडलेले आहे. उभ्या जागी केलेली झीज हीसुद्धा झीजच असते, हे सत्य यंत्राच्या बाबतीत मालकाला फार लवकर उमगते. त्यासाठी तो वेगळे मीटर बसवितो, वेगळी वही ठेवतो. त्याच गाडीतून फिरणाऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र हे सत्य त्याला दिसेनासे होते. गालिचे धुण्याचा धंदा तसा लहान, आणि महाराष्ट्रातील वाचकाला काहीसा परका. तथापि यंत्र आणि श्रमिक यांच्या नात्याचा इतका स्वच्छ नमुना मोठ्या कारखान्यातही क्वचितच पाहावयास मिळतो.

गाडीच्या पोटातील कारखाना

गालिचा धुण्याची ही पद्धत लोकभाषेत 'वाफेची सफाई' म्हणून ओळखली जाते. वस्तुतः त्यात वाफ नसते, कढत पाणी असते. साबणी द्रावण मिसळलेले पाणी दाबाने गालिच्याच्या केसाळ थरात मारावयाचे आणि त्याच क्षणी मळासकट ते परत शोषून घ्यावयाचे, एवढीच त्यातील कल्पना. त्यासाठी चार गोष्टी लागतात: पाण्याला दाब देणारा पंप, पाणी तापविण्याची सोय, शोषणासाठी हवेचा जोरदार ओढा निर्माण करणारा ब्लोअर, आणि मळके पाणी साठविण्याची टाकी. या चारही गोष्टी गाडीत कायमच्या बसविल्या की त्या यंत्रणेला 'ट्रकमाउंट' म्हणतात.

ट्रकमाउंटचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात यंत्रणेला स्वतःचे स्वतंत्र इंजिन असते आणि तो सगळा सांगाडा व्हॅनमध्ये सरकवून घट्ट बसविलेला असतो. दुसऱ्या प्रकारात वेगळे इंजिन नसतेच. गाडी ज्या इंजिनावर रस्त्याने धावते तेच इंजिन, गाडी उभी केल्यावर, पट्ट्याच्या वा फिरत्या दांड्याच्या साहाय्याने पंप आणि ब्लोअर चालविते. बटलर या नावाची यंत्रणा किंवा हायड्रामास्टर कंपनीची 'सीडीएस' ही या दुसऱ्या प्रकारची प्रसिद्ध उदाहरणे. इंजिन थंड ठेवण्यासाठी त्याच्याभोवती जे पाणी खेळते त्याची उष्णता एरवी रेडिएटरमधून हवेत निघून जाते. येथे तीच उष्णता धुण्याचे पाणी तापविण्याच्या कामी लावली जाते. पाणी दोनशे अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे त्र्याण्णव अंश सेल्सिअसच्या आसपास नेता येते. एक इंजिन कमी, त्याचे वजन कमी, त्याची देखभाल कमी, आणि वाया जाणारी उष्णता कामास आली. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ही योजना खरोखरच कौतुकास्पद आहे, आणि ते कौतुक हात आखडता न घेता केले पाहिजे.

या यंत्रामागे अर्थातच गालिच्याचा इतिहास आहे. जॉर्जिया राज्यातील डाल्टन गावाजवळ कॅथरिन इव्हान्स या मुलीने १८९५ साली जाड सुताचे टाके घालून आणि त्यांची टोके कातरून एक पलंगपोस तयार केला. पुढे, १९०० साली, तिने असाच एक पलंगपोस अडीच डॉलरला विकला. घरोघरच्या बायकांच्या हातांतील या कसबातून आधी एक गृहोद्योग उभा राहिला, मग ते टाके घालणारी यंत्रे आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांच्या जोरावर डाल्टन ही गालिच्यांची राजधानी बनली. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जमिनीला खिळवून टाकलेला गालिचा उच्चभ्रूंच्या वाड्यातून सामान्य नोकरदाराच्या घरात आला. पूर्वीचा गालिचा उचलून अंगणात झटकता येत असे, धुण्यासाठी कारखान्यात पाठविता येत असे. हा नवा गालिचा हलविताच येत नाही. गालिचा कारखान्यात जाऊ शकत नाही म्हणून कारखान्यालाच चाके लावून गालिच्याकडे यावे लागले. ओहायो राज्यातील कोलंबस येथे १९४७ साली जॅक बेट्स यांनी सुरू केलेल्या स्टॅन्ली स्टीमर या संस्थेने १९७२ पासून आपल्या नावाचे परवाने इतरांना देण्यास सुरुवात केली, आणि त्याच दशकात गाडीवर बसविलेली ही यंत्रणा सर्वत्र पसरली.

त्यापूर्वीचे काम सोपे होते असे मुळीच नाही. सुटे यंत्र जिन्याने वर न्यावयाचे, बादल्यांनी पाणी भरावयाचे, मळके पाणी पुन्हा बादल्यांनी खाली आणून ओतावयाचे, असा तो प्रकार होता. एक गॅलन पाण्याचे वजन आठ पौंडांहून अधिक भरते. शंभर गॅलन पाणी माणसाच्या पाठीवरून उतरून गाडीच्या टाकीत गेले, तर सुमारे पावणेचारशे किलोंचा भार यंत्राने उचलला असे म्हणावे लागेल. यंत्राने श्रम हलके केले यात शंकाच नाही. प्रश्न असा आहे की हलक्या झालेल्या श्रमातून जो वेळ आणि जी शक्ती उरली, ती कोणाच्या पदरात पडली?

यंत्राची वही आणि माणसाची वही

गाडीच्या इंजिनावर चालणाऱ्या यंत्रणेचा मालक एक गोष्ट लवकर शिकतो. गाडीचे तेल किती मैलांनी बदलावे हे ठरविताना केवळ मैलांच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. गाड्यांचे ताफे सांभाळणाऱ्या मंडळींचा ठोकताळा असा आहे की, इंजिन एक तास उभ्याने चालले तर ते पंचवीस ते तेहतीस मैल धावल्याइतके झिजते. येथे तर इंजिन नुसते चालत नाही, पंप आणि ब्लोअर यांचा भारही ओढते. दिवसाला पाच तास आणि वर्षाला अडीचशे दिवस काम झाले असे धरले, तर पंचवीस मैलांच्या सौम्य हिशेबानेही वर्षाकाठी एकतीस हजार मैलांहून अधिक अदृश्य धाव भरते. मैलांचा आकडा पाहून जो मालक तेल बदलील त्याचे इंजिन अकाली निकामी होईल. म्हणूनच या यंत्रणेवर तास मोजणारे स्वतंत्र मीटर असते. यंत्र सुरू झाले की ते सुरू होते, यंत्र थांबले की थांबते. एक मिनिटही त्यातून निसटत नाही.

आता याच गाडीतील माणसाच्या दिवसाचा हिशेब मांडून पाहावा. सकाळी तो गोदामावर येतो, टाकी व औषधे भरतो, गाडी काढतो. पहिल्या घरापर्यंत अर्धा-पाऊण तास प्रवास. तेथे नळ्या उलगडणे, घरातील सामान सरकविणे, डागांवर औषध फवारणे. मग प्रत्यक्ष धुणे. त्यानंतर पुन्हा सामान जागच्या जागी, नळ्या गुंडाळणे, पुढचा प्रवास. एखाद्या घरमालकाने ऐनवेळी नकार दिला तर फुकटचे ताटकळणे. संध्याकाळी टाकी रिकामी करणे, गाळणीत अडकलेले केस आणि मळ काढणे, गाडी धुणे. या धंद्यात मोबदल्याची रूढ पद्धत कमिशनची आहे. ग्राहकाकडून जे पैसे आले त्यांचा ठरावीक हिस्सा कामगाराला. म्हणजे मोबदल्यापुरते पाहिले तर त्याचा दिवस पहिल्या गालिच्यावर पाणी पडते तेव्हा सुरू होतो आणि शेवटच्या गालिच्यावरचे पाणी शोषले जाते तेव्हा संपतो. मधला सारा काळ गाडीच्या मैलांच्या आकड्यासारखा जागीच गोठलेला असतो.

कायदा काय म्हणतो? अमेरिकेच्या १९३८ च्या न्याय्य श्रममान कायद्यानुसार दिवसाच्या कामाचा भाग म्हणून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी केलेला प्रवास हा कामाचाच वेळ मानला जातो. आठवड्याच्या चाळीस तासांपुढील कामास दीडपट दर द्यावा लागतो. कागदावर हे सर्व ठीक आहे. तथापि त्याच कायद्यात एक खिडकी उघडी ठेवलेली आहे. किरकोळ विक्री वा सेवा देणाऱ्या आस्थापनेत ज्याची निम्म्याहून अधिक कमाई कमिशनची आहे आणि ज्याचा तासाचा दर किमान वेतनाच्या दीडपटीहून थोडा जरी अधिक आहे, त्याला जादा कामाचा दीडपट दर देण्याचे बंधन मालकावर राहत नाही. आणि हे किमान वेतन तरी किती? केंद्रीय कायद्याने ठरविलेले सव्वासात डॉलर, जे २००९ सालच्या जुलैपासून एका सेंटनेही वाढलेले नाही. त्याची दीडपट म्हणजे पावणेअकरा डॉलरच्या किंचित वर. एवढी पायरी ओलांडली की साठ तासांचा आठवडाही चाळीस तासांच्याच भावाने विकत घेता येतो.

यापुढची पळवाट याहून सरळ आहे. कामगाराला कामगार म्हणावयाचेच नाही, 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हणावयाचे. अंगावर गणवेश धंद्याचा, कामाचे दर धंद्याचे, कोणत्या घरी किती वाजता जावयाचे ते ठरविणार धंदा. स्वातंत्र्य तेवढे कामगाराचे! हा शब्द एकदा चिकटला की किमान वेतन गेले, जादा कामाचा मोबदला गेला, अपघाताची भरपाई गेली, बेकारी भत्ता गेला. १९७० साली झालेला कामाच्या जागेवरील सुरक्षिततेचा कायदाही नोकरीत असलेल्यांनाच लागू असल्याने तोही गेला. एका शब्दाच्या फेरफाराने माणूस पन्नास वर्षांच्या कायद्यांच्या बाहेर उभा राहतो.

झिजणाऱ्या वस्तू आणि झिजणारी माणसे

झिजेचा हिशेब करकायद्यातही आहे, आणि तेथे तो अधिक बोलका आहे. अमेरिकेच्या आयकर कायद्यातील एकशे एकोणऐंशीव्या कलमानुसार धंद्यासाठी घेतलेल्या यंत्राची आणि गाडीची किंमत, ठरावीक मर्यादेत, पहिल्याच वर्षी उत्पन्नातून वजा करता येते. २०२५ साली झालेल्या कायद्याने ही मर्यादा वाढवून पंचवीस लाख डॉलरपर्यंत नेली. ब्लोअर झिजेल, पंप झिजेल, इंजिन झिजेल. सरकार त्या झिजेला आधीच मान्यता देऊन मोकळे झाले आहे. याउलट नोकरी करणाऱ्या माणसाने स्वतःच्या खिशातून घेतलेले बूट, हातमोजे, गुडघ्यांना बांधावयाच्या गाद्या यांचा खर्च केंद्रीय आयकरातून वजा करण्याची जी थोडीफार सोय होती, ती २०१७ च्या कायद्याने २०१८ पासून स्थगित केली आणि २०२५ च्या कायद्याने कायमची काढून टाकली. यंत्र झिजते हे सरकारला पटते. गुडघा झिजतो हे पटविण्यासाठी अजून पुरावा हवा असावा.

आणि तो झिजतो. धुण्याचे अवजार दिवसभर पुढेमागे ओढल्याने खांदा आणि कंबर कामातून जातात. पाण्याने भरलेली जाड नळी तिसऱ्या मजल्यापर्यंत ओढून नेणे हे ज्याने केले त्यालाच कळते. ब्लोअरचा कर्कश आवाज हा या कामाचा कायमचा सोबती. मळ सोडविणारी द्रावणे बहुधा क्षारधर्मी असतात. कातडीवर आणि श्वासावर त्यांचा परिणाम होतो. ब्युटॉक्सी इथेनॉलसारखी काही द्रावके तर कातडीतून थेट शरीरात शिरतात. कोणत्या डब्यात काय आहे हे कामगाराला सांगितलेच पाहिजे असा नियम अमेरिकेत १९८३ पासून आहे. परंतु त्या नियमाचा लाभ घेण्यासाठीही आधी 'कामगार' म्हणून मान्यता हवी.

सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. उभ्या गाडीचे इंजिन तासन्‌तास चालते तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा रंग नसलेला, वास नसलेला वायू बाहेर पडत असतो. गाडी घराला लागून असलेल्या गॅरेजात किंवा उघड्या दारा-खिडकीजवळ उभी केली तर तो घरात शिरतो आणि कामगार व कुटुंब दोघांचाही घात करू शकतो. पेट्रोलवर चालणाऱ्या लहान इंजिनांपासून होणाऱ्या या विषबाधेबद्दल पाच सरकारी संस्थांनी १९९६ साली संयुक्त इशारा दिला होता. व्हॅनचे इंजिन तर त्या लहान इंजिनांहून कितीतरी मोठे. उपाय साधा आहे. गाडी मोकळ्यावर, घरापासून लांब, धुराचे तोंड रस्त्याकडे करून उभी करावी आणि लांब नळी टाकावी. परंतु लांब नळी उलगडावयाला वेळ लागतो, गुंडाळावयाला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणी मोजत नाही. ज्या तासाला भाव नाही त्या तासात सुरक्षितता बसत नाही, हा या धंद्याचा कटू नियम आहे.

मळक्या पाण्याची गोष्ट याहून निराळी नाही. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यानंतर गालिच्याचे सांडपाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडणे वर्ज्य झाले, कारण ते गटार बहुधा कोणत्याही शुद्धीकरणाविना ओढ्यात, नदीत जाते. सांडपाणी मैलावाहिनीतच सोडावे लागते. त्यात केवळ धूळ नसते. ड्यूपाँटने १९८६ साली बाजारात आणलेल्या 'स्टेनमास्टर' गालिच्यांसारख्या डागरोधक गालिच्यांवर जी रसायने वापरली गेली, त्या कुळातील काही रसायने निसर्गात जवळजवळ विघटितच होत नाहीत. डाल्टनजवळून वाहणारी कोनासॉगा नदी त्यांनी दूषित झाली आहे. थ्रीएम कंपनीने २००० साली आपल्या डागरोधक द्रव्यांतील असे एक रसायन बंद करण्याचे जाहीर केले. २०२४ साली पर्यावरण खात्याने या कुळातील दोन रसायनांसाठी पिण्याच्या पाण्यात प्रत्येकी एक लक्ष कोटी भागांत चार भाग इतकी कडक मर्यादा घातली. इतक्या बारीक मापाने जेथे पाणी मोजावे लागते, तेथे दिवसाच्या शेवटी भरलेली टाकी कोठे रिकामी करावयाची हा निर्णय थकलेल्या, कमिशनवर जगणाऱ्या आणि पुढच्या पत्त्यावर पोहोचण्याची घाई असलेल्या माणसावर सोडून दिलेला असतो. त्याच्या वेळेला किंमत नाही म्हणून नदीलाही किंमत राहत नाही.

मालक होण्याचे स्वप्न

या टीकेला एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते गांभीर्याने घेतले पाहिजे. असे म्हटले जाते की हा धंदा मुळात लहान माणसांचा आहे. आज दुसऱ्याच्या गाडीवर काम करणारा मुलगा चार वर्षांनी स्वतःची गाडी घेतो. अशा धंद्यात मालक आणि मजूर हा भेद ओढूनताणून आणलेला आहे. यंत्र ही शिडी आहे, तिला बेडी म्हणू नये.

यात सत्याचा अंश आहे. एका गाडीवर पोट भरणारे, स्वतः नळी ओढणारे असंख्य लोक या धंद्यात आहेत आणि त्यांना भांडवलदार म्हणणे हास्यास्पद ठरेल. परंतु त्यांचाच हिशेब जरा तपासून पाहावा. गाडी आणि यंत्रणा कर्जावर येते. कर्जाचा हप्ता दरमहा येतो. गालिचे दरमहा सारखे येत नाहीत. इंजिन एकच असल्याने ते बिघडले की वाहतूकही बंद आणि धुलाईही बंद. त्या दिवसाची कमाई शून्य, हप्ता मात्र पूर्ण. शिवाय ज्या गाडीवर यंत्रणा बेतलेली, ती गाडीच मोटार कंपनीने बदलली तर? फोर्ड कंपनीने आपली जुनी ई-मालिकेची बंदिस्त व्हॅन २०१४ च्या नमुन्यानंतर थांबविली आणि तिच्या जागी ट्रान्झिट आणली. डेट्रॉइटजवळच्या एका कचेरीतील तो निर्णय होता. त्यासाठी या लहान धंदेवाल्याला कोणी विचारले नाही, विचारण्याचे कारणही नव्हते. परंतु नवी गाडी घेताना यंत्रणेची जोडणीही त्याला नव्याने पाहावी लागली.

अशा स्थितीत तो काय करतो? हप्ता फेडण्यासाठी स्वतः दिवसाचे बारा तास राबतो, आणि दुसरी गाडी घेतली की त्या गाडीवरील माणसालाही तेवढेच राबवितो. एखाद्या खोलीच्या धुलाईचा हास्यास्पद स्वस्त दर जाहिरातीत छापला जातो. घरी पोहोचल्यावर 'डागांचे वेगळे, जिन्याचे वेगळे, सुगंधाचे वेगळे' अशी आकडेवाढ करण्याचे अप्रिय काम कमिशनवरील कामगाराच्या गळ्यात येते. ग्राहकाच्या नजरेत लबाड ठरतो तो कामगार. खालचा दर परवडावा म्हणून माणसाचा अमोजलेला वेळ त्यात घातलेला असतो, हे कोणालाच दिसत नाही. जो लहान मालक प्रामाणिकपणे तासांचा मोबदला देऊ पाहतो, तो या स्पर्धेत मागे पडतो. तेव्हा अमोजलेल्या तासांचा प्रश्न मजुराइतकाच सरळमार्गी लहान मालकाचाही आहे. शिडीची खालची पायरी दुसऱ्याच्या फुकट वेळेची असेल, तर चढणाऱ्याचा पायही तिच्यावर स्थिर राहत नाही.

मोजमापाची मागणी

यावर यंत्र मोडणे हा उपाय नाही, तसे कोणी सुचवीतही नाही. पावणेचारशे किलो पाणी पुन्हा माणसाच्या पाठीवर लादावे असे समाजवादी माणूस म्हणणार नाही. मागणी एवढीच आहे की जे मीटर यंत्राला लावले तेच माणसालाही लावावे.

हे अशक्य नाही, कारण काही ठिकाणी ते झाले आहे. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०१६ पासून असा कायदा आहे की, कामाच्या नगावर मोबदला घेणाऱ्या मजुराला विश्रांतीचा आणि नगाबाहेरच्या कामाचा, म्हणजे ताटकळण्याचा, प्रवासाचा, आवराआवरीचा वेळही स्वतंत्र दराने मोजून द्यावा लागतो. त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली 'स्वतंत्र कंत्राटदार' कोणाला म्हणावे याची कडक त्रिसूत्री घालून दिली आणि २०२० पासून ती कायद्यात आली. काम देणाऱ्याच्या नियंत्रणापासून मुक्त असणे, त्याच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचे काम करणे, आणि स्वतःचा वेगळा धंदा खरोखर चालविणे, या तिन्ही कसोट्या सिद्ध करण्याचा भार तेथे काम देणाऱ्यावर आहे. २००३ साली तेथेच मोटारी धुण्याच्या धंद्यासाठी नोंदणी आणि हमीची रक्कम सक्तीची करण्यात आली, जेणेकरून मजुरी बुडवून मालक परागंदा झाला तरी मजुराच्या हाती काही लागावे. मोटार धुणाऱ्यासाठी जे करता आले ते गालिचा धुणाऱ्यासाठी का करता येऊ नये?

अर्थात मिळालेले टिकतेच असे नाही. २०२० च्याच नोव्हेंबरात ॲपवर चालणाऱ्या वाहतूक कंपन्यांनी जनमतकौल जिंकून आपल्या चालकांना या कसोट्यांतून वगळून घेतले. केंद्रीय श्रमखात्याने २०२४ साली केलेला याविषयीचा नियम त्याच खात्याने २०२५ च्या मेमध्ये अमलात न आणण्याचे जाहीर केले. कायदा हा संघटनेच्या सावलीसारखा असतो. संघटना हलली की तोही हलतो. विखुरलेल्या सफाई कामगारांची संघटना होऊ शकत नाही असे म्हणणाऱ्यांनी १९८५ साली डेन्व्हरमध्ये सुरू झालेली कचेऱ्या झाडणाऱ्यांची 'जस्टिस फॉर जॅनिटर्स' ही चळवळ आठवावी. १५ जून १९९० रोजी लॉस एंजेलिसच्या सेंच्युरी सिटी भागात पोलिसांच्या लाठ्या खाऊनही त्या कामगारांनी करार मिळविला. रात्रीच्या अंधारात वेगवेगळ्या इमारतींत काम करणारी माणसे एकत्र येऊ शकतात, तर दिवसाउजेडी गाड्या घेऊन फिरणारी का येऊ शकणार नाहीत?

मुंबई-पुण्याच्या उंबऱ्यावर

महाराष्ट्रात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असलेली घरे थोडी, आणि गाडीच्या इंजिनावर चालणारी ही यंत्रणा येथे रुळलेली नाही. परंतु मुंबई-पुण्यात सोफे, गाद्या आणि गालिचे धुऊन देणारी माणसे ॲपवरून बोलाविली जातात. ती शोषणयंत्राचे ओझे दुचाकीवर बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतात. त्यांना 'पार्टनर' म्हटले जाते. एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याचा वेळ, सोसायटीच्या फाटकावर नोंद करीत उभे राहण्याचा वेळ, पुढचे काम येईपर्यंत झाडाखाली बसण्याचा वेळ हा त्या भागीदारीच्या कोणत्याच रकान्यात येत नाही. अमेरिकेतील 'स्वतंत्र कंत्राटदार' आणि पुण्यातील 'पार्टनर' हे एकाच घराण्यातील शब्द आहेत.

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात या मंडळींचा प्रथमच उल्लेख आहे आणि ॲप चालविणाऱ्या कंपन्यांकडून त्यांच्या वार्षिक उलाढालीचा एक ते दोन टक्के भाग, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, सुरक्षा निधीसाठी घेण्याची तरतूद आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु निधी हा अपघातानंतर आणि म्हातारपणी कामी येतो. आजच्या दिवसाचे तास मोजण्याची हमी त्यात नाही.

या बाबतीत महाराष्ट्राला परक्या देशाकडे पाहण्याची गरजही नाही. एका मालकाशी न बांधलेल्या, आज या पेढीवर तर उद्या त्या पेढीवर ओझी वाहणाऱ्या माणसांसाठी १९६९ साली याच राज्याने माथाडी कामगारांचा कायदा केला. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली संघटित झालेल्या हमालांच्या लढ्याचे ते फळ होते. मालक आणि कामगार दोघांची मंडळाकडे नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, आणि तिच्यावर आकारलेल्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा व औषधोपचार, ही त्याची चौकट. मालक एक नसला तरी कामगार कामगारच राहतो, हे तत्त्व त्या कायद्याने पन्नास वर्षांपूर्वीच मान्य केले. त्या मंडळांच्या कारभारातील दोष कार्यकर्त्यांना ठाऊक आहेत. ते दूर केले पाहिजेत. परंतु दुचाकीवर यंत्र बांधून फिरणाऱ्या सफाई कामगारासाठी तेच तत्त्व पुढे नेणे, आणि त्यात हजेरीपासून सुटकेपर्यंतच्या प्रत्येक तासाची मोजणी घालणे, ही मागणी करण्यास कोणती अडचण आहे?

कामाची सुरुवात लहान असू शकते. एखाद्या शहरातील दहा-वीस सफाई कामगारांनी महिनाभर एका साध्या वहीत आपल्या दिवसाचे तास लिहावेत: प्रवासाचे किती, ताटकळण्याचे किती, उचलण्या-ठेवण्याचे किती, आणि पैसे मिळाले ते किती तासांचे. त्या वहीच्या दोन रकान्यांतील अंतर हाच मागणीपत्राचा पहिला मसुदा ठरेल.

गाडी उभी असताना इंजिन झिजते हे ओळखून मालकाने यंत्राला मीटर लावले, आणि ते योग्यच केले. त्या मीटरशेजारी उभा असलेला माणूसही त्याच तासांत झिजत असतो. त्याचे मीटर मालक बसविणार नाही; ते त्याला स्वतःलाच, आपल्या सोबत्यांच्या साहाय्याने, बसवून घ्यावे लागेल.